‘द कर्स ऑफ फ्रँकेन्स्टाइन’ आणि हॅमरचा बॅरन

‘द कर्स ऑफ फ्रँकेन्स्टाइन’ हा हॅमर फिल्म प्रॉडक्शन्स या ब्रिटिश कंपनीचा भयपट २ मे १९५७ रोजी लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमधल्या वॉर्नर थिएटरात पहिल्यांदा दाखवला गेला. दिग्दर्शन टेरेन्स फिशरचे, पटकथा जिमी सँगस्टरची. बॅरन व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइनची भूमिका पीटर कुशिंगने केली आणि त्याच्या हातून घडलेल्या कृत्रिम माणसाची क्रिस्टोफर लीने. लांबी दीड तासाहूनही कमी, खर्च सुमारे ६५ हजार पौंड, म्हणजे त्या काळच्या ब्रिटिश हिशेबानेही किरकोळच. फ्रँकेन्स्टाइनची कथा रंगात पडद्यावर आली ती या चित्रपटातून. शिवाय त्याने भयकथेचा रोख राक्षसावरून काढून शास्त्रज्ञाकडे वळवला. हा बदल कुणा एकाच्या प्रतिभेतून झाला म्हणावे, तर चित्रपटाची जन्मकथा वेगळेच सांगते. वकिलांच्या धमक्या आणि रिकामा गल्ला यांचा त्यात मोठा वाटा होता.

मूळ कादंबरी मेरी शेलीची. इंडोनेशियातल्या तंबोरा ज्वालामुखीच्या १८१५ मधल्या उद्रेकाने पुढच्या वर्षी युरोपचा उन्हाळा पार गारठवला. पावसामुळे जिनिव्हा सरोवराकाठच्या व्हिला दिओदातीत अडकून पडलेल्या कवी बायरनच्या मंडळींनी भुताच्या गोष्टी रचायची पैज लावली आणि अठरा वर्षांच्या मेरीला ही कल्पना तिथे सुचली. पुस्तक १८१८ मध्ये लेखिकेच्या नावाविना निघाले. त्यामागे त्या काळातले ताजे विज्ञान होते. जिओव्हानी अल्दिनी या इटालियन शास्त्रज्ञाने १८०३ मध्ये लंडनला, नुकत्याच फाशी गेलेल्या एका गुन्हेगाराच्या प्रेतातून विजेचा प्रवाह सोडला, तेव्हा मेलेल्याचा जबडा हलला आणि एक डोळा उघडला. शरीरशास्त्राच्या शाळांना प्रेते पुरत नसत, म्हणून ताज्या थडग्यांवर चोर तुटून पडत. एडिंबरोमध्ये तर बर्क आणि हेअर या जोडगोळीने १८२८ मध्ये प्रेत विकण्यासाठी सोळा माणसे मारली. सरकारने १८३२ मध्ये शरीररचना कायदा केला आणि बेवारस मृतदेह वैद्यकीय शिक्षणाला द्यायची सोय झाली. फ्रँकेन्स्टाइनच्या कथेतला प्रेतांचा बाजार लेखिकेला हवेतून आणावा लागला नव्हता.

कादंबरीतला व्हिक्टर तरुण विद्यार्थी आहे. जीव कसा घातला हे तो सांगत नाही, आणि केलेले काम डोळ्यांसमोर उभे राहताच भेदरून पळतो. त्याची निर्मिती मात्र बोलते, वाचते, वाद घालते. अमेरिकेतल्या युनिव्हर्सल स्टुडिओने १९३१ मध्ये ही कथा पडद्यावर आणली तेव्हा राक्षसाची वाचा काढून घेतली आणि बदल्यात एक अजरामर चेहरा दिला. जॅक पिअर्स या रंगभूषाकाराने बोरिस कार्लॉफला सपाट माथा, जड पापण्या आणि मानेत दोन खिळे बसवले. दिग्दर्शक जेम्स व्हेल इंग्रज, कार्लॉफही इंग्रजच. कार्लॉफचे खरे नाव विल्यम हेन्री प्रॅट आणि त्याचे घराणे हिंदुस्थानशी जोडलेले होते. सयामच्या राजदरबारात शिक्षिका राहिलेली आणि ‘द किंग अँड आय’मुळे जगाला माहीत झालेली ॲना लिओनोवेन्स ही त्याच्या आजीची बहीण. ती १८३१ मध्ये अहमदनगरला जन्मली. फ्रँकेन्स्टाइनच्या राक्षसाचा नगरशी संबंध लागतो, तो असा आडवळणाने.

युनिव्हर्सलच्या मालिकेत पुढे शास्त्रज्ञ बदलत गेले आणि राक्षस तोच राहिला. अभिनेते बदलले तरी सपाट माथा आणि खिळे कायम. शेवटी १९४८ मध्ये ॲबट आणि कॉस्टेलो या विनोदी जोडीसमोर त्याला उभे केले गेले, तेव्हा त्याची भीती संपल्यात जमा होती.

हॅमर ही मुळात छोटी कंपनी. विल्यम हाइंड्स या व्यापाऱ्याने तिची स्थापना १९३४ मध्ये केली. हौसेखातर रंगमंचावर जाताना तो विल हॅमर हे नाव लावी, तेच कंपनीला मिळाले. पुढे एन्रिके कॅरेरास त्याचा भागीदार झाला, आणि १९५०च्या दशकात दोन्ही घराण्यांची पुढची पिढी कारभार पाहत होती. रेडिओवरच्या लोकप्रिय मालिकांवरून स्वस्तात दुय्यम चित्रपट काढायचे, हा धंदा. १९५५ मध्ये त्यांनी बीबीसीच्या एका विज्ञानमालिकेवरून ‘द क्वाटरमास एक्सपेरिमेंट’ काढला. सोळा वर्षांखालच्यांना मज्जाव करणारे ‘एक्स’ प्रमाणपत्र ब्रिटनमध्ये १९५१ पासून होते आणि इतर निर्माते ते टाळायला धडपडत. हॅमरने उलट इंग्रजी नावातच एक्स अक्षर ठळक करून त्याची जाहिरात केली. चित्रपट चालला. प्रौढांना घाबरायला पैसे मोजायचे असतात, हे कंपनीच्या ध्यानात आले.

त्यानंतर मिल्टन सुबोट्स्की आणि मॅक्स रोझेनबर्ग या अमेरिकनांकडून फ्रँकेन्स्टाइनची एक पटकथा हॅमरकडे आली. आरंभीचा विचार कृष्णधवल, झटपट चित्रपटाचा होता. कादंबरी केव्हाच स्वामित्वहक्कातून मुक्त झाली होती, पण युनिव्हर्सलने बजावले की त्यांच्या चित्रपटात जे नव्याने आले आहे त्याला, विशेषतः पिअर्सच्या रंगभूषेला, हात लावाल तर कोर्टात खेचू. निर्माता अँथनी हाइंड्सने जुनी पटकथा बाजूला ठेवली आणि सँगस्टरला नवी लिहायला सांगितली. सँगस्टर त्याआधी हॅमरमध्येच निर्मितीच्या व्यवस्थापनात होता. कोणत्या प्रसंगाला किती खर्च येतो हे त्याला तोंडपाठ होते, आणि तो लिहितानाही तसाच हिशेबाने लिही. मशाली घेऊन राक्षसामागे धावणारे गावकरी या चित्रपटात नाहीत, कारण तेवढ्या माणसांची मजुरी परवडणारी नव्हती. कथा वाड्याच्या चार खोल्यांत आणि मोजक्या पात्रांत आवळली गेली, आणि तिथे बॅरनवरून नजर हटवायला जागाच उरली नाही.

चित्रीकरण १९ नोव्हेंबर १९५६ रोजी बर्कशरमधल्या ब्रे स्टुडिओत सुरू झाले आणि नवीन वर्षाच्या पहिल्या दिवसांत संपले. स्टुडिओ म्हणजे थेम्सकाठचा डाउन प्लेस नावाचा जुना वाडा. कलादिग्दर्शक बर्नार्ड रॉबिन्सनने अरुंद खोल्यांमधून बॅरनचे घर उभे केले. तेच जिने आणि तेच खांब रंग बदलून, तोंड फिरवून तो पुढच्या चित्रपटांतही वापरत राहिला, आणि प्रेक्षकांना पत्ता लागला नाही. छायालेखक जॅक ॲशर, संगीतकार जेम्स बर्नार्ड, दिग्दर्शक फिशर अशी ही मंडळी पुढची अनेक वर्षे एकत्र राहिली. फिशर व्यापारी नौदलातून चित्रपटाच्या संकलनात आला आणि उशिरा दिग्दर्शक झाला. युनिव्हर्सलचा जुना चित्रपट पाहायचे त्याने मुद्दाम टाळले.

चित्रपट तुरुंगात सुरू होतो. गिलोटिनची वाट पाहत बसलेला बॅरन एका पाद्र्याला बोलावून आपली हकिकत सांगतो. लहानपणीच घराण्याचा वारस झालेला व्हिक्टर पॉल क्रेम्प या शिक्षकाला नेमतो, आणि पुढे दोघे मिळून एका मेलेल्या कुत्र्याच्या पिल्लाला जिवंत करतात. पॉलच्या मते शोध इथेच जगापुढे मांडावा, शस्त्रक्रियेत त्याचा उपयोग होईल. व्हिक्टरला मात्र माणूस बनवायचा आहे, तोही निवडक अवयवांचा. फाशीवर लटकणाऱ्या दरोडेखोराचे धड रात्री उतरवून आणले जाते. पक्ष्यांनी टोचलेले डोके उपयोगाचे नाही, तर ते कापून आम्लाच्या टाकीत टाकले जाते. शिल्पकाराचे हात मिळवले जातात, डोळे प्रेतागारातून विकत घेतले जातात.

उरतो मेंदू. तो विद्वानाचाच हवा, म्हणून वृद्ध प्राध्यापक बर्नस्टाइनला जेवायला बोलावले जाते. जेवणानंतर व्हिक्टर पाहुण्याला जिन्यावरचे एक चित्र दाखवतो, नीट दिसावे म्हणून जरा मागे सरकायला सांगतो आणि कठड्यावरून खाली ढकलून देतो. घरी अपघात झाला म्हटल्यावर अंत्यसंस्कारही घराण्याच्याच तळघरात होतो, म्हणजे मेंदू हाताशी. हे कळल्यावर पॉल तिथे पोचतो, झटापट होते आणि मेंदूला इजा पोचते. पुढच्या प्रत्येक अपयशाचे खापर व्हिक्टर या झटापटीवर फोडतो. आपल्या पद्धतीतच काही चुकले असेल ही शंका त्याला एकदाही शिवत नाही.

जन्माचा प्रसंगही उलटा रचला आहे. युनिव्हर्सलच्या चित्रपटात शास्त्रज्ञ यंत्रांच्या गडगडाटात विजयी आरोळी ठोकतो. इथे यंत्र चालवायला दोन माणसे लागतात, म्हणून बॅरन पॉलची मनधरणी करायला खाली जातो आणि तेवढ्यात वीज पडून सगळे आपोआप सुरू होते. परत येऊन दार उघडतो तर पट्ट्यांनी गुंडाळलेला देह समोर उभा. तो तोंडावरची पट्टी ओढून काढतो, कॅमेरा झपाट्याने त्या चेहऱ्यावर जातो, आणि निर्मितीचे पहिले कृत्य म्हणजे निर्मात्याचा गळा आवळणे. तोवर निम्मा चित्रपट उलटून गेलेला असतो.

तो प्राणी पळून जंगलात एका आंधळ्या म्हाताऱ्याला मारतो, पॉल त्या प्राण्यावर गोळी झाडून त्याला पुरतो, व्हिक्टर पुन्हा उकरून काढतो. एव्हाना घरात व्हिक्टरची वाग्दत्त वधू एलिझाबेथ राहायला आलेली असते. मोलकरीण जस्टिनशी बॅरनचे चोरटे संबंध आहेत. आपल्याला दिवस गेल्याचे सांगून ती लग्नाचा आग्रह धरते आणि पोलिसांत जायची धमकी देते, तेव्हा तो तिला त्या प्राण्याच्या खोलीत कोंडतो. आतून तिची किंकाळी, दाराबाहेर बॅरनचा स्थिर चेहरा. पुढच्याच क्षणी सकाळ झालेली असते आणि बॅरन न्याहारीच्या टेबलावर एलिझाबेथकडे मुरंबा मागत असतो. संपूर्ण चित्रपट नष्ट होऊन एवढे दोन तुकडे वाचले, तरी हॅमरने फ्रँकेन्स्टाइनचे काय केले ते त्यांतून समजेल.

अखेर गच्चीवर पेटत्या दिव्याने होरपळलेला तो प्राणी काचेच्या छतातून थेट आम्लाच्या टाकीत कोसळतो आणि पुरावाच विरघळतो. बॅरन अडकतो तो जस्टिनच्या खुनात. सत्य ठाऊक असलेला एकटा पॉल तुरुंगात येतो आणि काहीच माहीत नसल्यासारखे वागून एलिझाबेथला घेऊन निघून जातो. चित्रपटभर सदसद्विवेकाची भाषा बोललेल्या पॉलचे हे शेवटचे वागणे पुरते स्वच्छ म्हणता येत नाही, आणि सँगस्टरने ते तसेच ठेवले हे बरे. सगळी हकिकत बॅरनच्याच तोंडची असल्यामुळे ती खरी की खुन्याने रचलेली, अशीही फट राहते. फिशरने मात्र तिकडे फारसे लक्ष दिलेले नाही.

हे सारे तोलले गेले कुशिंगमुळे. १९५४ मध्ये बीबीसीवर झालेल्या ‘नाइन्टीन एटी-फोर’ या नाट्यप्रयोगाने तो ब्रिटनच्या घराघरांत पोचला होता. त्याचा बॅरन नीटस कपड्यांत वावरतो, हळू बोलतो, पाहुण्यांशी अदबीने वागतो. प्रेताचे डोके उडवताना हात रक्ताने माखतो, तर तो सहज कोटाच्या कडेला पुसतो आणि कामाला लागतो. चिमटा, भिंग, सुरी हाताळताना कुशिंगची बोटे खऱ्या शल्यविशारदासारखी चालतात. सेटवरच्या वस्तूंशी असे खेळत राहण्याची त्याची सवय सहकाऱ्यांत थट्टेचा विषय होती. ‘वेडा शास्त्रज्ञ’ या साच्यात हा माणूस नीट बसतच नाही. विस्कटलेले केस, भिरभिरते डोळे, विकट हास्य यांतले काही त्याच्यापाशी नाही. त्याचे प्रत्येक पाऊल तर्काने टाकलेले आहे. आड येईल ती व्यक्ती त्याच्या लेखी एक तर अडथळा, नाही तर कच्चा माल. त्यात वंशपरंपरेने मिळालेली बॅरनकी आहे. शिक्षक, मोलकरीण, कैदी यांच्या देहांवर आपला हक्क आहे, हे त्याला शिकवावे लागलेले नाही. शास्त्रज्ञाच्या अहंकाराइतकाच हा सरंजामी माज चित्रपटाला धार देतो.

लीची निवड झाली ती सहा फूट पाच इंच उंचीमुळे. रंगभूषाकार फिल लीकीपुढे पेच होता: चेहरा भयंकर हवा, पण पिअर्सच्या कामाची सावलीही पडता कामा नये. अनेक प्रयोग फसल्यावर ऐनवेळी त्याने मेण, कापूस आणि रबर वापरून लीच्या चेहऱ्यावरच शिवलेल्या, सडू लागलेल्या मांसाचा लेप चढवला. साचा नसल्याने तो रोज नव्याने करावा लागे. परिणामी अपघातात चिरडलेला माणूस घाईघाईने टाके घालून उभा केल्यासारखे दिसते, आणि बॅरनच्या हातकामाचा खरा दर्जा त्यातून उघडा पडतो. लीला एकही संवाद नव्हता. त्याने तशी तक्रार केली तेव्हा कुशिंग म्हणाला की तू नशीबवान आहेस, मी पटकथा वाचली आहे. ही आठवण ली पुढे नेहमी सांगे. दोघे याआधी ‘हॅम्लेट’ आणि ‘मुलां रूज’ या चित्रपटांत होते, पण त्यांची मैत्री जमली ती ब्रेमध्ये आणि कुशिंगच्या १९९४ मधल्या मृत्यूपर्यंत टिकली.

रंगाचा प्रश्न वेगळा होता. चित्रपट ईस्टमनकलरमध्ये काढायचे ठरल्यावर ॲशरने प्रयोगशाळेतली द्रवे, झगे, पडदे यांत लाल, हिरवा, जांभळा असे रंग जाणीवपूर्वक पेरले, जेणेकरून रक्ताचा लाल ठिपका वेगळा उठून दिसावा. कृष्णधवल पडद्यावर काळपट दिसणारे रक्त इथे पहिल्यांदा रक्तासारखे दिसले. सेन्सॉर मंडळाने पटकथेच्या टप्प्यावरच नाराजी कळवली होती. आम्लात पडणाऱ्या डोक्याच्या प्रसंगाला कात्री लागली, आणि शेवटी ‘एक्स’ मिळाले, जे हॅमरला हवेच होते.

समीक्षकांनी झोडपून काढले. ‘ऑब्झर्व्हर’च्या सी. ए. लेज्यून यांनी आजवर पाहाव्या लागलेल्या अर्धा डझन सर्वांत किळसवाण्या चित्रपटांत त्याची गणना केली. डाव्या विचाराच्या ‘ट्रिब्यून’ला तो सिनेमाप्रेमींना खिन्न करणारा आणि हीन पातळीचा वाटला. प्रेक्षकांनी मात्र रांगा लावल्या. वॉर्नर ब्रदर्सने तो अमेरिकेत नेला, आणि खर्चाच्या कित्येक पट पैसा परत आला. टीकेतला एक मुद्दा तेव्हाही खरा होता: कादंबरीतल्या निर्मितीचे दुःख या चित्रपटात जवळजवळ नाही. लीच्या डोळ्यांत ते मधूनमधून चमकते, विशेषतः साखळदंडात बांधलेला तो बॅरनच्या हुकमासरशी उठतो-बसतो त्या प्रसंगात, पण पटकथेला तिथे थांबायला वेळ नाही.

काळही पोषक होता. लंडनमधल्या पहिल्या खेळानंतर दोन आठवड्यांच्या आत, १५ मे १९५७ रोजी, ब्रिटनने प्रशांत महासागरात हायड्रोजन बॉम्बच्या चाचण्यांची मालिका सुरू केली. शुद्ध ज्ञानाच्या नावाखाली परिणामांकडे पाठ फिरवणारा सुसंस्कृत शास्त्रज्ञ त्या प्रेक्षकांना परका नव्हता. अवयवांच्या बाबतीतही दंतकथा आणि बातमी जवळ येऊ लागल्या होत्या. बोस्टनमध्ये जोसेफ मरेने १९५४ मध्ये मूत्रपिंडाचे यशस्वी रोपण केले होते. ते साधले, कारण देणारा आणि घेणारा एकसारखे जुळे भाऊ होते. परक्या देहाचा अवयव शरीर नाकारते, ही खरी अडचण बॅरनच्या प्रयोगशाळेत कुणाच्या गावीही नाही. त्याचा हिशेब केवळ उत्तम सुटे भाग जमवण्याचा आहे.

यशानंतर हॅमरने १९५८ मध्ये याच चमूकडून ‘ड्रॅक्युला’ करून घेतला. त्यात लीला शीर्षकभूमिका मिळाली. ज्या युनिव्हर्सलने कोर्टाची भीती घातली होती, त्यांनीच मग आपल्या जुन्या भयपटांचे हक्क हॅमरला देऊ केले. त्यातून १९५९ चा ‘द ममी’ आला. फ्रँकेन्स्टाइनच्या पुढच्या भागांत राक्षस दर वेळी नवा आणि बॅरन तोच, असा युनिव्हर्सलच्या नेमका उलटा क्रम लागला. ‘द रिव्हेंज ऑफ फ्रँकेन्स्टाइन’ मध्ये गिलोटिनखाली बॅरनऐवजी पाद्र्याचेच डोके जाते. नाव बदललेला बॅरन गरिबांच्या इस्पितळात डॉक्टर होतो आणि रुग्णांचे हातपाय कापून साठवतो. १९६४ च्या भागाचे वितरण युनिव्हर्सलकडे होते, म्हणून सपाट माथ्याच्या राक्षसाला अखेर परवानगी मिळाली. गंमत म्हणजे मालिकेतला हा सर्वांत फिका भाग ठरला. १९६७ च्या भागात बॅरन आत्मा एका देहातून दुसऱ्यात घालतो. १९६९ च्या ‘फ्रँकेन्स्टाइन मस्ट बी डिस्ट्रॉइड’ मध्ये मेंदूचे रोपण आहे. त्याआधी सुमारे दीड वर्ष, डिसेंबर १९६७ मध्ये, केप टाउनला पहिले मानवी हृदयरोपण झाले होते. या भागातला बॅरन सर्वांत क्रूर आहे, तर त्याच्या हातून घडलेला जीव सर्वांत करुण: पतीचा मेंदू परक्या देहात बोलतो आहे आणि पत्नी त्याला ओळखायला तयार नाही. शेवटचा भाग १९७४ मध्ये आला, तोच फिशरचा शेवटचा चित्रपट. त्यात बॅरन वेड्यांच्या इस्पितळात आहे, आणि तिथला कारभार त्याच्याच हातात आहे.

हॅमरचे अनुकरण झपाट्याने झाले. अमेरिकेत रॉजर कॉर्मनने एडगर ॲलन पोच्या कथांवरून १९६० पासून रंगीत भयपटांची मालिका काढली. मुंबईच्या रामसे बंधूंच्या चित्रपटांतले जुने वाडे, रंगीत दिवे आणि थडग्यांतून उठणारे देह यांवरही या ब्रिटिश चित्रपटांचा ठसा दिसतो. १९७२ मधल्या त्यांच्या ‘दो गज जमीन के नीचे’चे चित्रीकरण महाबळेश्वरला झाले होते. हॅमरने १९६६ च्या सुमारास ब्रे सोडले. शेजारच्या ओकली कोर्ट या वाड्यात आणि ब्रेमध्ये १९७४ साली ‘द रॉकी हॉरर पिक्चर शो’ चित्रित झाला, वेड्या शास्त्रज्ञाची ती गाती-नाचती टवाळी. तिच्यातली माणूस बनवण्याची टाकी ‘द रिव्हेंज ऑफ फ्रँकेन्स्टाइन’च्या सामानातून उचललेली होती.